एका ठोक्याचं सभागृह

या, असे पुढे या. खांबाला टेकून बसलेल्यांनीही थोडं सरकावं, सतरंजी मोठी आहे. आज एक कथा सांगायची आहे. देवादिकांची नाही, राजाराणीची नाही; एका देशाच्या संसदेची, आणि तिनं विद्यापीठाला विचारलेल्या एका प्रश्नाची. कथा पुढच्या काळातली आहे, पण तिच्यातली माणसं तुमच्याआमच्यासारखीच चहा पिणारी आणि चिडणारी आहेत. तेव्हा निवांत मनानं ऐका.

तो काळ समतालाचा होता. शाळा भरली की समताल, कचेरीत बैठक बसली की समताल, कोर्टात खटला उभा राहिला की आधी समताल. लग्नाची बोलणी करायला दोन्हीकडची मंडळी जमली, की पोहे येण्याआधी सगळे थोडा वेळ डोळे मिटून बसत. मग मानपानाची बोलणी इतक्या गोडीत होत की मध्यस्थाला कामच उरत नसे.

समताल म्हणजे नेमकं काय? आपल्या मनगटावर बोट ठेवा. श्वास आत घेतला की नाडी किंचित पळते, सोडला की किंचित रेंगाळते. निसर्गानं हृदय श्वासाला असं बांधूनच दिलं आहे. खोलीत तीस माणसं असली की तीस श्वास, आणि तीस हृदयं आपापल्या चालीनं चाललेली. पण त्या तिसांनी एकाच लयीत श्वास घेतला तर? सगळ्यांच्या नाड्या एकदम पळतात, एकदम रेंगाळतात.

डॉ. भालचंद्र ओझरकर या शरीरशास्त्रज्ञानं यासाठी एक यंत्र केलं. जमिनीखाली बसवायची पातळ फळी, तिचं नाव तालपीठ. तिच्यातून इतका खर्जातला घुमार निघे की तो कानाला ऐकू येत नसे, तळपायांना मात्र कळे. घुमार चढे, उतरे. नकळत श्वास त्याच्यामागे जाई, आणि श्वासामागून हृदय. मनगटावरच्या स्पंदपट्ट्या भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकाच्या नाडीची रेघ काढत. बघता बघता त्या सगळ्या रेघा एकीवर एक बसत, जणू एकच रेघ आहे. मग आतल्या आत मेंदूला निरोप पोचे की हा शेजारी बसलेला माणूस परका नाही, हा माझ्याच चालीनं चालला आहे. राग विरघळून जाई.

आणि या यंत्रानं देशाचं भलं केलं होतं, हे आधी हात जोडून सांगितलं पाहिजे. कालव्याच्या पाण्यावरून गावं एकमेकांवर काठ्या घेऊन धावत, ती एका मांडवात बसून वाटणी करू लागली. दंगल हा शब्द वर्तमानपत्रातून हळूहळू नाहीसा झाला. लोक ओझरकर सरांची तसबीर घरात लावत. सर संकोचून म्हणत, "अहो, मी जिवंत आहे अजून. हार नका घालू."

उरली होती फक्त संसद. तिथं अजून आरडाओरडा होता, कागद फाडले जात, एक पक्ष उठून बाहेर गेला की दुसरा पाठोपाठ जाई. म्हणून एक विधेयक आलं: सभागृहाची प्रत्येक बैठक समतालानं सुरू व्हावी आणि त्यानंतरच मतदान व्हावं. एका अधिवेशनापुरतं तालपीठ प्रयोग म्हणून बसवलंही. पण कायमचा कायदा करण्याआधी सभागृहानं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. विद्यापीठाकडे अभ्यास सोपवला आणि एका ओळीत विचारलं, 'समतालानंतर घेतलेले निर्णय अधिक चांगले असतात का?' सत्तेनं विद्येला प्रश्न विचारावा, आणि उत्तर आधी ठरवून ठेवू नये, हे भाग्य फार थोड्या देशांच्या वाट्याला येतं.

अभ्यास सोपवला डॉ. रेवती सबनीस यांच्याकडे. रेवती ओझरकर सरांची लाडकी विद्यार्थिनी. वडील गेल्यावर शिक्षण सोडून घरी निघालेल्या या मुलीला सरांनी प्रयोगशाळेत ठेवून घेतलं, शिकवलं, उभं केलं. तिच्या मनगटावरची स्पंदपट्टी सरांनी स्वतःच्या हातानं बांधलेली पहिली पट्टी होती.

देखरेखीला संसदेची समिती होती. तिच्या अध्यक्ष यमुनाताई घुगे, बीडकडच्या खासदार. पहिल्याच दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघ डॉक्टरीणबाई, मी दहावी पास. मला कळंल असं सांग. मला कळलं तर सभागृहाला कळंल, कारण तिथं माझ्यापेक्षा हुशार फार थोडे हायेत."

रेवती हसली. "ताई, समतालानंतर माणसं भांडत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. पण न भांडणं आणि बरोबर ठरवणं या दोन गोष्टी एकच आहेत का, ते बघायचंय."

"एकच नसतात. माझा नवरा कधी भांडत न्हाई आणि कधी बरोबर बी ठरवत न्हाई."

पहिला प्रयोग नाशिकच्या एका गृहनिर्माण सोसायटीत झाला, रहिवाशांची रीतसर परवानगी घेऊन. अंगणात आंब्याचं एक जुनं झाड होतं आणि त्यावरून दोन तट पडलेले. सभा भरली, समताल झाला. सचिव जोगळेकर उठले आणि ठराव मांडला की झाड तोडून तिथं गाड्या लावायला जागा करावी. सर्वानुमते मंजूर, झाडाला पोटच्या मुलासारखं मानणाऱ्या कुलकर्णीकाकूंनीही हात वर केला. थोड्या वेळानं ठरल्याप्रमाणे जोगळेकर पुन्हा उठले आणि दुसरा ठराव मांडला की झाड राखावं आणि त्याला छानसा पार बांधावा. तोही सर्वानुमते मंजूर. वर सचिवांचे आभार.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरण दाखवलं तेव्हा सोसायटीत हसून हसून पुरेवाट झाली. फक्त कुलकर्णीकाकू हसल्या नाहीत. "मी? मी हात वर केला?" त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

यमुनाताईंनाही हसू आलं नाही. "म्हंजे जो आधी उठंल त्याचं खरं?"

"जो समतालानंतर बोलेल त्याचं खरं," रेवती म्हणाली. "शेजारी माझाच आहे असं एकदा आतून पटलं, की त्याच्या बोलण्यावर शंका घ्यायची ती बारीकशी टोचणी आहे ना, ती बोथट होते. काही काळापुरतीच. पण मतदानही तेवढ्यातच उरकतं."

"पण बाई, हे यंत्र यायच्या आधीबी माणसं एका ठोक्यात यायची की. आमच्याकडं कीर्तनात बघ. गजर सुरू झाला की कोण पाटील अन् कोण गडी, काय कळत न्हाई. मग कीर्तनाला आलेली माणसं येडी कशी झाली न्हाईत इतक्या वर्षांत?"

हा प्रश्न रेवतीला सुचायला हवा होता. तिची आई नित्यनेमानं कीर्तनाला जाणारी. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रेवतीनं कितीतरी कथा ऐकल्या होत्या.

चैत्रात दोघी अंबाजोगाईकडच्या एका गावी उत्सवाला गेल्या. विश्वंभरबुवा केळशीकरांचं कीर्तन होतं. देवळाच्या सभामंडपात रेवती एकेकाच्या मनगटाला स्पंदपट्टी बांधू लागली, तेव्हा पुढं बसलेल्या एका आजीबाईंनी हात पुढं केला. "बीपी बघतीस काय? मंग गोळी पण देऊन जा."

"गोळी बुवा देतील आजी."

"बुवांची गोळी मोठी असती. कधी कधी गिळवत न्हाई," आजी म्हणाल्या, आणि मंडप हसला.

कीर्तन रंगलं. ज्यांनी पूर्ण कीर्तन कधी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी त्याची ठेवण सांगतो. आधी नमन होतं. मग पूर्वरंग, म्हणजे एखादं वचन घेऊन त्याचं निरूपण. इथं बुवा युक्तिवाद करतात, शंका उपस्थित करतात, त्या सोडवतात, श्रोत्यांना चिमटे काढतात. मग मध्यंतरी नामाचा मोठा गजर. टाळ, मृदंग, सगळा मंडप उभा. त्यानंतर बुवांना हार, श्रोत्यांना बुक्का, आणि उत्तररंग. उत्तररंगात आख्यान, म्हणजे कथा. तीही बहुधा सगळ्यांना लहानपणापासून पाठ असलेली.

रेवतीनं सोबत आणलेल्या फलकावर पूर्वरंगात रेघांचा नुसता गुंता होता. बुवा काही बोलले की कुणाची नाडी उडे, कुणाची नाही. आजीबाईंची तर सारखी उडत होती, त्यांना बहुतेक काहीच पटत नव्हतं. गजर झाला, आणि रेघा एकीवर एक बसल्या. तालपीठानं बसत त्याहून सुरेख. मग आख्यान सुरू झालं, सगळे एकदम रडले, एकदम हसले.

रेवतीचेही डोळे वाहत होते, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच तिला फलकावर ते दिसलं. नवं काही पटवून द्यायचं ते सगळं गजराच्या आधी झालं होतं, जेव्हा प्रत्येक जण आपापल्या हृदयाचा धनी होता. गजरानंतर बुवांनी कुणालाही काहीही नवं मानायला लावलं नाही. तेव्हा फक्त सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट सांगितली. वाद आधी आणि ऐक्य नंतर.

कीर्तन संपल्यावर तिनं बुवांना विचारलं, "हा क्रम असाच का ठेवलाय, बुवा?"

बुवा घाम पुसत म्हणाले, "गुरूंनी असंच शिकवलं, बाई. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता तुमच्याकडे बघून वाटतंय." मग आठवून हसले. "एकदा मात्र आमच्या उत्सवात गजर झाल्या झाल्या एका उमेदवारानं माइक घेतला होता. निवडणुकीत पडण्यासारखाच माणूस. पण गावची सगळी मतं त्याला. नंतर पाच वर्षं गावानं कपाळाला हात लावला."

यमुनाताई ताडकन म्हणाल्या, "माझ्याकडं बघून सांगू नका. मी त्या गावाची न्हवं."

अहवाल तयार झाला. त्यात समतालाची निंदा नव्हती. फक्त क्रम बदलावा अशी शिफारस होती. आधी मोकळ्या हृदयांनी वाद घालावा, मत द्यावं. आणि सगळं झाल्यावर, हरलेले-जिंकलेले एकमेकांकडे बघू शकावेत म्हणून समताल करावा. समतालानंतर कोणतंही मत घेऊ नये, सभागृहात नाही, कोर्टात नाही, कुठंच नाही.

पण अहवाल छापायला देण्याआधी रेवतीला एका घराची पायरी चढायची होती. ज्या माणसानं आपल्याला घडवलं त्याच्या आयुष्यभराच्या कामावर आपण रेघ मारतो आहोत, असंच तिला वाटत होतं.

ओझरकर सर अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होते. वय झालं होतं. त्यांनी अहवाल मांडीवर घेतला आणि वाचू लागले. रेवतीनं मटाराच्या शेंगांचं सूप स्वतःकडे ओढलं, नुसतं बसवेना म्हणून.

शेवटचं पान मिटून सरांनी अहवाल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नाशिकच्या त्या बाई, झाडवाल्या... त्यांना बरंच लागलं असेल मनाला."

"हो सर."

"मी यंत्र केलं रेवती. ते केव्हा लावायचं, याचा विचार केला नाही. माणसं भांडायची थांबली, एवढ्यानंच मी इतका हरखलो होतो." त्यांनी एक शेंग उचलली, तशीच खाली ठेवली. "दे हे. असंच्या असं दे. एक शब्द मऊ करशील तर मला आवडणार नाही."

"तुम्ही याल सभागृहात?"

"येईन की. माझी विद्यार्थिनी संसदेपुढं बोलणार, आणि मी घरी मटार सोलत बसू?"

ती त्यांच्या पाया पडली तेव्हा तिला फार हलकं वाटलं.

अहवालाचा दिवस उजाडला. रेवतीला खुद्द सभागृहात बोलवलं होतं, विशेष ठरावानं. सर प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. सभागृहाच्या अध्यक्ष महोदयांनी घंटा वाजवली, दिवे मंद झाले, आणि जमिनीतून तो खर्जातला घुमार चढू लागला.

आता तुम्ही म्हणाल, ज्या बाईनं हा अहवाल लिहिला, ज्या ताईंनी तो तपासला, त्यांनी त्या दिवशी तरी हे यंत्र बंद ठेवायला सांगायला नको होतं? हवं होतं. पण आपल्याकडे समारंभाला समई लावतात तेव्हा 'आज लावायची का' असं कुणी विचारतं का? समताल आता तसाच झाला होता. तो होता हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. दोघीही सवयीनं डोळे मिटून बसल्या, आणि सगळ्यांबरोबर त्यांचीही हृदयं त्या लयीत गेली.

रेवती उठून बोलली. आयुष्यात इतकं सुंदर ती कधी बोलली नव्हती. आंब्याच्या झाडाची गोष्ट सांगितली तेव्हा सभागृह हसलं, कीर्तनाच्या क्रमाची सांगितली तेव्हा माना डोलल्या. विरोधी बाकांवरून "वा!" असं आलं. तिला सगळ्यांबद्दल प्रेम वाटलं, सगळ्यांचे उपकार वाटले.

अध्यक्ष महोदय म्हणाले, "शिफारशी स्वीकारण्याचा ठराव मताला टाकतो. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे."

"होय!" एकाच घशातून निघावा तसा आवाज आला.

"प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे."

हे विचारायचं म्हणून विचारलं होतं. अध्यक्ष पुढचा कागद उचलतच होते.

"नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. मागच्या बाकावर सांगलीकडचे म्हातारे खासदार दस्तगीर मुजावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"मुजावरसाहेब, काही गैरसमज..." अध्यक्ष गोडपणानं म्हणाले.

"गैरसमज कसला? मी ऐकलंय सगळं. पोरगी चांगलं बोलली. पण मी नाही म्हटलंय, आणि नाही म्हणजे नाही." त्यांचा आवाज चढला. "माझा पोरगा कालव्यावरच्या मारामारीत गेला. सोडवायला गेला हुता. त्यानंतर हे यंत्र आलं, आणि आमच्या दोन गावांत परत काठी निघाली न्हाई. भांडण आधी करा म्हणताय? आधी भांडलं की नंतर एक व्हायला माणूस शिल्लक राहतंय का, हे कुणी मोजलंय?"

सभागृहात कुणालाच राग आला नाही. सगळे त्यांच्याकडे मायेनं बघत होते, लहान मूल हट्ट करतं तेव्हा बघतात तसं. ती माया बघून रेवतीच्या अंगावर काटा आला. तिनं भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. सगळ्या रेघा एकीवर एक, एकच जाड रेघ. आणि तिच्या खाली एक दुसरी, एकटी; चढ नाही, उतार नाही, सारख्या अंतरानं पडणारे ठोके.

मुजावरांनी तिची नजर बघितली. त्यांनी छातीवर बोट आपटलं. "हितं मशीन बसवलंय बाई, जुन्या तऱ्हेचं. माझं काळीज कुणाच्या मागं जात न्हाई. तेच्यातच बिघाड हाय."

पेसमेकर. श्वास चढो की उतरो, ठरलेल्या गतीनं ठोका देणारा. साऱ्या सभागृहात एकच माणूस समतालाबाहेर होता, आणि साऱ्या सभागृहात एकच मत स्वतःचं होतं. ते तिच्या विरुद्ध होतं.

"डॉक्टर सबनीस," अध्यक्ष म्हणाले, "ठराव प्रचंड बहुमतानं संमत झाला आहे. आपल्याला आभाराचे दोन शब्द बोलायचे असतील."

मंडळी, या क्षणापाशी जरा थांबा. जे खरं आहे असं तिनं सिद्ध केलं होतं, तेच जिंकलं होतं. गुरूंनी आशीर्वाद दिला होता. दोन शब्द आभाराचे बोलून ती खाली बसली असती तर देशाला तिच्या मते चांगलाच कायदा मिळाला असता. आणि पुन्हा मत घ्या म्हटलं, तर ती हरूही शकली असती. शिवाय समताल अजून तिच्या अंगात होता. सगळ्यांशी एकरूप असण्याचं ते सुख सोडून एकटं होणं, हे थंड पाण्यात उतरण्यासारखं होतं.

"आभार मानायचे आहेत," रेवती म्हणाली. "दस्तगीर मुजावरांचे. माझा अहवाल सांगतो की समतालानंतरचं मत खरं धरू नये. आणि तुम्ही तो समतालानंतर स्वीकारलात. मी आत्ता इथं उभं राहून झाड तोडा म्हटलं असतं, तरी तुम्ही होय म्हणाला असता. मलाही तसंच वाटलं असतं. मुजावरसाहेबांनी मला जागं केलं. हे मत रद्द करा. उद्या यंत्र बंद ठेवून पुन्हा घ्या."

सभागृह प्रेमानं तिच्याकडे बघत राहिलं, आणि तिची विनंतीही लगेच, पुन्हा प्रचंड बहुमतानं, मान्य झाली. मुजावरांनी त्यालाही नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तालपीठ बंद होतं. काय तो गोंधळ! कुणी अहवालाला देशद्रोह म्हणालं, कुणी कीर्तनाला. कुणी रेवतीच्या आईपर्यंत गेलं. यमुनाताई बाकावर उभ्या राहून ओरडत होत्या. मुजावर काठी आपटत होते. आदल्या दिवशी "वा!" म्हणणारे गृहस्थ तिच्याकडे बोट रोखून बोलत होते. रेवतीला रडू येत होतं, आणि त्यातही बरं वाटत होतं. फलकावर रेघांचा गुंता होता, जसा पूर्वरंगात असतो.

मत झालं. अहवाल कसाबसा, तीन मतांनी तरला. त्यानंतर अध्यक्षांनी तालपीठ लावलं, आणि घसा बसलेली माणसं हळूहळू एकमेकांकडे बघू लागली.

बाहेर ओसरीवर रेवती मुजावरांना गाठून नमस्कार करायला वाकली, तर ते मागं सरले. "पाया कशाला पडतीस? मी तुझ्या विरोधात हाय, ध्यानात ठेव. पुढच्या अधिवेशनात हे उलटं करायचा प्रयत्न करणार हाय."

"करा साहेब," ती म्हणाली. "जरूर करा."

कथा इथं संपती तर गोड झाली असती. पण मग लोक विचारू लागले.

आधी कोर्टात अर्ज आले. समतालानंतर झालेली तडजोड खरी धरायची का? मग एक नवराबायको रेवतीकडे आली, दहा वर्षं सुखानं नांदलेली. बाई म्हणाली, "आमचं ठरलं ते समतालानंतर. मी होय म्हटलं होतं. ते माझंच होतं का, हे कळायची काही तपासणी आहे का?" नवरा खाली मान घालून उभा होता. रेवतीला सांगावं लागलं की तशी तपासणी नाही. पट्टीत ठोके राहतात, इच्छा राहत नाही. दोघं आभार मानून गेली. जाताना एकमेकांपासून जरा अंतर ठेवून चालत होती.

यमुनाताई एकदा चहा घेताना म्हणाल्या, "आमच्याकडचा पाणीवाटपाचा करारबी समतालावरच झालाय. लोक पाळतायत, सुखात हायेत. आता त्यांना जाऊन विचारू का, की बाबांनो, हे तुमचं तुम्ही ठरवलं होतं का? विचारलं तर मोडंल. न विचारलं तर..."

आणि रेवतीला स्वतःला आठवलं, की घरी परत निघालेली असताना 'इथंच राहते, तुमच्याच हाताखाली काम करते' असं तिनं सरांना म्हटलं होतं ते कुठं. प्रयोगशाळेत, तालपीठाच्या पहिल्या चाचणीच्या दिवशी. सरांबद्दल जी कृतज्ञता तिनं जन्मभर छातीशी धरली, ती तिची होती की त्या घुमाराची?

तिनं सरांना हे सांगितलं. ती दोघं त्या दिवशी अंगणात बसून कडकडून भांडली. यंत्रावरून, संशोधनावरून, तिच्या गेलेल्या वर्षांवरून. इतकी वर्षं पोटात राहिलेलं तिनं सगळं बोलून घेतलं. सर चिडले, उठून आत गेले, परत आले. शेवटी दोघंही थकली. मग रेवती आपल्या मनानं उठली आणि त्यांच्या पाया पडली. पूर्वीचं काय ते तिला कधीच कळणार नव्हतं. हा नमस्कार मात्र तिचा होता.

दस्तगीर मुजावर त्याच वर्षी थंडीत गेले. जाईपर्यंत ते अहवालाच्या विरोधातच होते, आणि कोण जाणे, पाण्याच्या भांडणात माणसं शिल्लक राहण्याबद्दल ते म्हणत होते ते चुकीचं होतं असं आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता आरती होईल, तुम्ही सगळे उठाल, टाळ वाजेल, आणि आपणा सगळ्यांचे ठोके एक होतील. मोठं सुख आहे ते, देवाची कृपा आहे. तेव्हा हात जोडलेलेच असतील, तर मनात एक क्षण सांगलीकडच्या त्या म्हाताऱ्यालाही आठवा. त्याचं म्हणणं तुम्हाला पटायला पाहिजे असं नाही. त्यालाही तुमचं पटलं नसतं. पण त्याला आठवा.